लिफ्टमधला फोन

घरात ती धाकटी, म्हणून दादा तिला अजूनही धाकटीच म्हणायचा. चाळिशी उलटली, कानशिलावर पांढरे केस डोकावायला लागले, तरी हाक तीच. गिऱ्हाइकं मात्र तिला ताई म्हणत. फोनवाली ताई आली की दुकानदार, दातांचे डॉक्टर, छापखान्यावाले सगळे आपापलं रडगाणं घेऊन पुढे यायचे. कुणाचा प्रिंटर रुसून बसलेला, कुणी पासवर्ड विसरलेलं, कुणाचा फोन भलत्याच खोलीत वाजणारा. ती सगळ्यांचं ऐकून घ्यायची, गुडघे टेकून टेबलाखाली शिरायची आणि धूळ झटकत बाहेर यायची तेव्हा बहुतेक वेळा काम झालेलं असायचं.

धंदा दादाचा. ज्यांना स्वतःचा कॉम्प्युटरवाला माणूस ठेवणं परवडत नाही अशा लहानसहान ठिकाणांचे फोन आणि कॉम्प्युटर तो सांभाळायला घ्यायचा. जुन्या लायनी काढून टाकायच्या, इंटरनेटवरून चालणारे फोन बसवायचे, आणि कुणाला हवं असेल तर त्यांचे येणारे फोनही आपल्याच ऑफिसात उचलायचे. ऑफिस म्हणजे एका चांभाराच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खालून दिवसभर गोंदाचा वास वर यायचा. आतल्या खोलीत दोन मुली कानाला हेडफोन लावून बसायच्या, आणि एका दमात कधी दवाखान्याच्या, कधी टाइल्सच्या दुकानाच्या वतीने बोलायच्या. दादाचं तोंड आणि धाकटीचे हात, यावर सगळं चाललं होतं.

त्याआधी ती टेलिफोन कंपनीत लाइनवर होती. खांबावर चढणारी तिच्या खात्यातली ती एकटीच बाई. मग कंपनीने माणसं कमी केली आणि तिला घरी बसवलं. नवरा जहाजावर, वर्षातले बरेच महिने समुद्रात. दिवसभर चार भिंतींकडे बघत बसायचं म्हणजे तिच्या जिवावर यायचं. दादाने बोलावलं तेव्हा ती हातातलं काम टाकून निघाली होती. नोकरी गेल्यावर सकाळी उठून काय वाटतं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. म्हणूनच पुढे जे झालं ते तिला जास्त लागलं.

गावाच्या वरच्या अंगाला म्हाताऱ्या माणसांचं एक निवासगृह होतं. तीन मजली, पिवळट भिंतींची इमारत, मागे हिरवळ, पुढे रेलिंग लावलेला उतार. चालवणारी बाई पूर्वी मोठ्या इस्पितळात नर्स होती, तिला सगळे सिस्टर म्हणायचे. आणि दारातून आत गेलं की समोर टेबलाशी काकू. फोन उचलणं, पाहुण्यांची चौकशी, कुणाला चष्मा शोधून दे, कुणाच्या मुलीला फोन लावून दे, सगळं काकूंकडे. त्यांना प्रत्येकाच्या नातेवाइकांचे आवाज पाठ होते. "हॅलो" म्हणायचा अवकाश, काकू म्हणायच्या, "थांबा, आईंना बोलावते."

दादाने सिस्टरना गळ घातली, आणि धाकटी तिथे नवे फोन बसवायला गेली. जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत जुन्या लायनींचा डबा होता. ऑफिसची एक लाइन, डॉक्टरांच्या खोलीतली एक, फॅक्सची एक. आणि शिवाय आणखी एक, जिच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

तिने आपल्या मोबाइलवरून तो नंबर फिरवला. इमारतीत कुठे काही वाजलं नाही.

"काकू, हा नंबर कुणाचा?"

"नाही हो माहीत. मी आल्यापासून तर कधी वाजलेला नाही."

वायर भिंतीतून वर गेलेली होती. ती कुठे जाते ते बघायचं तर छताची फळी काढायला हवी होती. कंपनीतल्या तिच्या जुन्या साहेबांची शिकवण होती की दुसरं टोक हाताला लागल्याशिवाय वायर कापायची नाही, आणि इतकी वर्षं तिने ती पाळली होती. पण त्या दिवशी दादाचे फोनवर फोन येत होते. छापखान्याचं सगळं बंद पडलं होतं, मालक तिकडे आकांडतांडव करत होता. तिने मनाशी म्हटलं, मेलेली लाइन असणार, कुणीतरी काढायची विसरलंय. कात्रीने एकदा कटकन केलं, जुन्या कंपनीला सगळ्या लायनी बंद करायला कळवून टाकलं, आणि ती छापखान्याकडे पळाली.

ती वायर लिफ्टची होती. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाने लाल बटण दाबलं की त्या लायनीवरून काकूंच्या टेबलावर फोन लागायचा. कुणी कधी अडकलंच नव्हतं, म्हणून तो कधी वाजलाही नव्हता.

उन्हाळा सरता सरता एका दुपारी वीज गेली. सगळी मंडळी मागच्या हिरवळीवर व्यायामाच्या बाईंबरोबर हातपाय हलवत होती. थोड्या वेळाने वीज आली, पण लिफ्ट काही हलेना. काकूंनी दारावर ‘लिफ्ट बंद’ अशी पाटी लावली, मेकॅनिकला फोन केला, तो उद्या येतो म्हणाला, आणि त्या आपल्या कामाला लागल्या. तिसऱ्या मजल्यावरचे मास्तर दुपारी भाचीकडे, तिला न कळवताच, जाणार होते, तसं त्यांनी काकूंना सकाळीच सांगून ठेवलं होतं. त्यामुळे ते दिसले नाहीत याचं कुणालाच काही वाटलं नाही.

मास्तर म्हणजे टेलरमास्तर. हयात कोट शिवण्यात गेलेली. अंगाने किरकोळ, घशाच्या ऑपरेशननंतर आवाज अगदीच बसलेला. भाचीकडे जायला म्हणून नीट कपडे करून ते लिफ्टमध्ये शिरले होते, आणि दुसऱ्या नि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अंधारात लटकून राहिले. संध्याकाळी झाडणाऱ्या बाईला जिन्यात काठीची ठकठक ऐकू आली. माणसं धावली, दार उचकटलं. मास्तर खाली बसलेले होते, पँट ओली झालेली, आणि त्यांनी कुणाच्याही तोंडाकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सिस्टरचा ऑफिसात फोन आला. लिफ्ट दुरुस्त झाली आहे, पण आतला फोन लागतो की नाही ते जरा बघून जा.

"लिफ्टला फोन आहे?" असं धाकटीने विचारलं, आणि विचारता विचारताच तिला जिन्याखालची ती काहीच न लिहिलेली लाइन आठवली.

ती गेली. लिफ्टच्या पत्र्यामागून निघालेली वायर बोटांनी चाचपत खाली आली, आणि जिन्याखालच्या खोलीत तिला आपलंच काम दिसलं. कापलेलं टोक, वर तिनेच गुंडाळलेली काळी टेप.  मग तिने बॅगेतून एक छोटा डबा काढला, त्यात ती वायर जोडली आणि नव्या फोनांच्या जाळ्यात लिफ्टला जागा करून दिली. तिच्या मनात दुसरं काही नव्हतं, हे पुढे तिने कितीदा स्वतःला सांगितलं. चूक झाली होती, ती आधी दुरुस्त करायची, मग सिस्टरना गाठून सांगायचं.

पण बाहेर आली तर सिस्टर लिफ्टमध्ये उभ्या. त्यांनी बटण दाबलं. काकूंच्या टेबलावर फोन खणखणला.

"चालू आहे तर," सिस्टर म्हणाल्या. "ताई, चालू आहे ना हा?"

काकू टेबलापाशी उभ्या होत्या. मास्तरांची भाची खुर्चीत बसलेली, रडून डोळे लाल झालेले. सगळे धाकटीकडे बघत होते.

"हो," ती म्हणाली. "चालू आहे."

"काल नाही हो वाजला," काकू म्हणाल्या. "मी इथेच होते."

"मामा म्हणतोय त्याने बटण दाबलं, दिवा लागला, तो कितीतरी वेळ बोलत होता," भाची म्हणाली. "तुम्ही इथे होता, तर मग कुणी ऐकलं कसं नाही?"

"अहो, खरंच नाही वाजला."

दिवा लिफ्टच्या बॅटरीवर लागत होता. लाइन असो नसो, बटण दाबलं की तो लागणारच. हे तिथल्या माणसांपैकी फक्त धाकटीला ठाऊक होतं. तिने बॅगेची चेन लावली, पुन्हा उघडली, पुन्हा लावली. काकूंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, म्हणजे हिला तरी काही सांगता येईल अशा नजरेने. धाकटी म्हणाली, "मला पुढे एका ठिकाणी जायचंय," आणि निघाली.

आठवडाभरात सिस्टरनी काकूंना घरी पाठवलं. दादा हसतमुखाने ऑफिसात आला. "ऐकलंस का? त्यांचे सगळे फोन आता आपल्याकडे. कायमचं काम मिळालं."

धाकटीने त्याला तेव्हाच सगळं सांगितलं. तो खुर्चीवर बसला, टकलावरून हात फिरवला.

"आणखी कुणाला बोललीस?"

"नाही."

"मग आता बोलू नकोस. हे बघ, लिफ्टला फोन आहे हे त्यांनी सांगायला नको होतं? लिफ्टवाल्यांनी दर खेपेला तपासायला नको होतं? सगळं खापर आपल्याच डोक्यावर का फोडून घ्यायचं? उद्या हे बाहेर गेलं तर एकही गिऱ्हाईक टिकणार नाही. आत बसलेल्या मुलींना काय सांगू?"

दादा वाईट माणूस नव्हता. तो घाबरला होता. आणि तो जे बोलत होता त्यात थोडं थोडं खरं होतं, हीच अडचण होती. धाकटीला ते थोडं खरं पुरेसं वाटलं. निदान काही दिवस वाटलं.

मग निवासगृहाचे फोन यायला लागले. एक मुलगी सुटीवर होती म्हणून धाकटी तिच्या जागी बसली होती. पहिलाच फोन कुणाच्या तरी मुलाचा. "काकू नाहीत? बरं, मग माझ्या आईला... नाही, राहू द्या. काकूंना आवाजावरून कळायचं." खोल्यांमधूनही फोन यायचे. एक आजीबाई रोज सकाळी विचारायच्या, आज वार कुठला, आणि वार सांगितला तरी ठेवायच्या नाहीत. काकू त्यांच्याशी काय बोलत असतील कोण जाणे. धाकटी नुसतं म्हणायची, "आजी, आणखी काही हवंय?"

एके दिवशी बसका, खरखरीत आवाज आला. "तिसऱ्या मजल्यावरून बोलतोय. बल्ब गेलाय खोलीतला."

"सांगते मी, मास्तर."

 "तुम्ही त्या काकू नाही ना?"

"नाही. त्या आता नसतात."

"बरं झालं," मास्तर म्हणाले. "त्या बाईला मी काय तोंड दाखवणार होतो? तिने सगळं ऐकलं हो. मी काय काय बोललो तिथे. रडलो. आईला हाका मारल्या, या वयात. आणि ती ऐकून गप्प बसली. माणूस असं करतं का?" आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

धाकटीने हेडफोन काढला.  आजवर तिला वाटत होतं, आपल्यामुळे एका बाईची नोकरी गेली. एक म्हातारा माणूस खोलीत बसून, आपल्याला मरणाच्या दारात टाकून कुणी मजा ऐकत बसलं असं समजतो आहे, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. आणि मास्तर आतापर्यंत तसंच समजत राहिले होते, कारण ती "हो, चालू आहे" म्हणाली होती.

ती दादाच्या टेबलाशी गेली. "मी सांगायला चालले आहे."

"धाकटे, बस जरा."

"नाही बसत. बसले की उठणार नाही."

 दादाने तिला अडवलं नाही, आणि सोबतही आला नाही.

सिस्टरनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही तोडलं नाही. मग हातातलं पेन टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "चूक कुणाचीही होते. माझ्या हातूनही झाल्या आहेत, माणसांच्या जिवावरच्या झाल्या आहेत. पण मी तुम्हाला सगळ्यांसमोर विचारलं होतं. तेव्हा तुम्ही हो म्हणालात."

"हो."

"आणि मी तुमचं ऐकून त्या बाईला घालवलं." त्या खिडकीकडे वळल्या. "महिना संपला की तुमचं काम थांबवा. मास्तरांना मी सांगणार नाही. ते तुम्हीच सांगा."

तिसऱ्या मजल्यावर जायला तिने लिफ्ट घेतली नाही. मास्तर पलंगावर बसून बाहीचं बटण लावत होते. तिने उभ्यानेच सांगितलं. वायर, कात्री, दिवा, सगळं. मास्तरांना आधी कळेचना.

"म्हणजे तिने ऐकलं नाही?"

"कुणीच ऐकलं नाही. ती लाइन कुठेच जात नव्हती."

त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं, आणि तिथेच विझून गेलं. "पण मी तर भाचीला सांगितलं, तिने ऐकलंय म्हणून. सिस्टरना सांगितलं. शपथेवर सांगितलं." त्यांनी बटण अर्धवट सोडलं. "ती बाई मला रोज सकाळी विचारायची, मास्तर, झोप लागली का. आणि मी तिच्याबद्दल..."

धाकटीला वाटलं होतं ते तिच्यावर संतापतील. ती त्याची तयारी करून आली होती. पण मास्तरांना तिच्याकडे बघायलाही सवड नव्हती. ते काठी शोधत होते.

"कुठे राहते ती? चला. मला घेऊन चला."

अडकले त्या दिवसापासून ते खाली उतरलेच नव्हते. जेवणसुद्धा खोलीत मागवत. जिन्याच्या प्रत्येक वळणावर ते थांबत, कठड्याला धरून श्वास घेत, आणि धाकटीने पुढे केलेला हात सुरुवातीला त्यांनी घेतला नाही. दुसऱ्या मजल्यानंतर घेतला.

काकूंचं घर एका बेकरीमागच्या गल्लीत, तळमजल्यावर. त्या इस्त्री करत होत्या. दारात या दोघांना बघून त्यांनी आधी इस्त्री बंद केली, मग तिची वायर काढली, मग पुन्हा वाकून वायर काढली आहे ना ते बघितलं. त्यांना बसायला सांगितलं, पाणी दिलं.

धाकटीने सांगायला सुरुवात केली. या वेळी शब्द लवकर संपले. काकू ऐकत होत्या, पण मधेच त्यांनी हात वर केला.

"थांबा. पुन्हा सांगा. वाजलाच नव्हता?"

"नव्हता वाजला."

"नक्की?"

"नक्की, काकू. वाजणं शक्यच नव्हतं."

काकू खाली बसल्या.  "मी कान तपासून आले," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाला, कान ठणठणीत आहेत. तेव्हा जास्त घाबरले. म्हटलं, कान चांगले आहेत, म्हणजे डोकं गेलं. वाजला असेल, मी ऐकला असेल, आणि विसरून गेले असेन. माझी आई शेवटी तशीच झाली होती. आता मी गॅस चार चार वेळा बघते. कुलूप लावलं की परत मागे येते. सुनेला सांगितलंय, कंटाळा आला म्हणून काम सोडलं. तिला कसं सांगू की मला काही कळेनासं झालंय?"

मास्तर पुढे सरकून म्हणाले, "मी तुमच्याबद्दल खोटं बोललो."

"तुम्ही खोटं नाही बोललात, मास्तर. तुम्ही अंधारात होतात." काकूंनी मास्तरांच्या ग्लासात आणखी पाणी ओतलं. मग धाकटीकडे बघितलं. "ह्या मात्र उजेडात होत्या."

धाकटी म्हणाली, "मला माफ करा."

"बघू," काकू म्हणाल्या. "आज नाही जमायचं."

धाकटी उठून बाहेर गेली. मास्तरांना परत न्यायचं होतं म्हणून गल्लीतच थांबली. आतून दोघांचं बोलणं ऐकू येत होतं, पण शब्द कळत नव्हते, आणि ते बरंच होतं.

सिस्टर स्वतः काकूंच्या घरी गेल्या. काकूंनी लगेच होकार दिला नाही, बरेच दिवस त्यांना ताटकळत ठेवलं, मग सकाळची पाळी तेवढी घेतली. त्यांनी सुनेलाही काय घडलं ते सांगून टाकलं. मास्तर जिन्यानेच उतरतात, हळूहळू, पण उतरतात. निवासगृहाचे फोन आता दुसरं कुणी सांभाळतं. बातमी पसरली, दादाची आणखी एक दोन गिऱ्हाइकं गेली, आत एकच मुलगी उरली. कितीतरी दिवस तो धाकटीशी कामापुरतंच बोलायचा. मग एकदा स्वतःहून म्हणाला, "मला सोबत यायला हवं होतं." तिने बॅग उचलली आणि ती कामाला निघाली. त्याला बरं वाटावं असं काहीतरी म्हणता आलं असतं.

हिवाळ्यात काकू तिला भाजीच्या दुकानात भेटल्या. धाकटीने आधी दुसऱ्या रांगेत सरकायचा विचार केला, पण त्यांनी पाहिलं होतं.

"कशी आहेस?" त्यांनी विचारलं. पहिल्यांदाच एकेरीत.

"बरी आहे. तुम्ही?"

"चाललंय." काकूंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "काल टेबलावरचा फोन वाजला. मी लगेच उचलला, दुसरी रिंगसुद्धा होऊ दिली नाही. आणि तरी मनात आलं, याच्या आधी एकदा वाजून गेला तर नसेल?"

 काकू उत्तराची वाट बघत नव्हत्या. त्यांनी टोमॅटो निवडायला सुरुवात केली, आणि धाकटी त्यांच्या शेजारी पिशवी उघडी धरून उभी राहिली.